फळ्यावरचा क्लॅरी

यंदा पबमधल्या भाकीत-स्पर्धेची ढाल आपलीच, हे मर्व टकेटनं क्लॅरीच्या शवपेटीवर हात ठेवून जाहीर केलं! "माफ कर मित्रा, पण तुझी सद्दी संपली," तो म्हणाला. पुढच्या रांगेतल्या क्लॅरीच्या बायकोनं, नोलानं, नाक शिंकरायचं थांबवून त्याच्याकडे बघितलं.

ऑस्ट्रेलियातल्या विमेराच्या त्या गव्हाच्या गावात फुटबॉलचे निकाल आधीच ओळखण्यात क्लॅरीचा हात कुणी धरू शकत नव्हतं. दरवर्षी ढालीवर त्याचंच नाव, मर्व कायम दुसरा; यंदा मात्र मर्व जरासा पुढे. एकदा तरी आपलं नाव पितळेत कोरलेलं बघून मरावं, एवढीच मर्वची इच्छा उरली होती.

बारवरची शेरिल क्लॅरीचं नाव भाकितांच्या फळ्यावरून पुसायला निघाली, तर मर्वनं तिला अडवलं. "राहू दे गं! मेलेल्याचा मान राखावा."

मान कसला! जो भाकीत द्यायचं विसरतो त्याच्या नावावर आपोआप पाहुणे संघ लागतात, हा खेळाचा जुना नियम. आणि आता उरलेल्या फायनल्समध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद सामन्यांत, पाहुणे म्हणजे गुणतक्त्यात खालचे, मार खायला आलेले. मर्वला क्लॅरी एकदा हरताना बघायचा होता!

पहिल्या आठवड्यात सगळे पाहुणे जिंकले.

"योगायोग!" मर्व म्हणाला. पुढच्या आठवड्यात यजमानांनी अगदी समोरून मारलेला चेंडू खांबाला लागला, तोही वारा नसताना. पाहुणे पुन्हा जिंकले. पबमधल्या क्लॅरीच्या रिकाम्या स्टुलाकडे बघायचं सगळ्यांनी टाळलं. 

"मर्व्या, लेका," केव खाटीक कुजबुजला, "पुसायला हवं होतं रे ते नाव!"

"मग पूस की तू!"

"मी? मला बायकापोरं आहेत!"

ग्रँड फायनलपर्यंत, म्हणजे शेवटच्या सामन्यापर्यंत, मर्वची आघाडी वितळून दोघं बरोबरीत आले. यजमान होते मॅगपाय, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा संघ. पाहुण्यांवर लावावं, तर ढाल मेलेल्या माणसाबरोबर वाटून घ्यायची. मॅगपायवर लावावं, तर क्लॅरीच्या विरुद्ध जायचं! मर्वची झोप उडाली. शेवटी भर दुपारी बिअर आणि खिमा भरलेली गरम मीट-पाय पेस्ट्री घेऊन तो कबरीपाशी गेला.

"क्लॅरी, तूच सांग बाबा. कोण जिंकणार?"

सगळं चिडीचूप. निलगिरीचं पानही हलेना. मग मानेवर गार झुळूक आली, मागे काहीतरी फडफडलं, आणि टाळूवर खटकन टोच बसली! मर्व पेस्ट्रीसकट कबरीवर आडवा. वर बघतो तर काळापांढरा मॅगपाय पक्षी शिळेवर बसून त्याच्याकडे टक लावून बघतोय! वसंतात हे पक्षी कुणाच्याही डोक्यावर झेपावतात, पोस्टमनसुद्धा त्यांना भितो. पण घाबरलेल्या माणसाला हे कोण सांगणार?

"कळलं रे मित्रा, कळलं!" म्हणत मर्व पबकडे धावला आणि त्यानं मॅगपाय लावले.

मॅगपाय हरले.

क्लॅरीची ढाल नोलाच्या हातात द्यायची वेळही मर्ववरच आली. "तू मॅगपाय का लावलेस रे?" तिनं विचारलं.

मर्वनं टाळूवरची खपली दाखवत सगळं सांगितलं. नोलाचा चेहरा उतरला.

"त्या पक्ष्याचा डावा पाय अधू होता का?"

"हो! तुला कसं ठाऊक?"

"क्लॅरीनं पाळलेला. रोज हातानं खिमा भरवायचा त्याला. क्लॅरी गेला त्या दिवसापासून घरी फिरकला नाही बघ."

पब गारठला. मर्वच्या मात्र डोळ्यांत पाणी आलं. "म्हणजे त्यानंच पाठवला होता! माझ्यासाठी!"

"त्यानंच," ढाल काखोटीला मारत नोला म्हणाली. "पण मर्व, जिवंतपणी त्यानं तुला कधी खरं भाकीत सांगितलं होतं का?"