येन, युआन आणि साखर

बायकोला अभ्यासात मदत करायची, असं ज्योतीरामनं रविवारी ठरवलं आणि तिथंच माशी शिंकली.

दिपाली कुरुळीच्या कंपनीत पॅकिंगला. आठ तास उभं राहून टाचा भेगाळल्या होत्या बिचारीच्या. सोमवारी एक्स्पोर्ट डेस्कची परीक्षा होती. पास झाली की खुर्ची, पंखा आणि परदेशी बिलं. बिलावर रक्कम इंग्रजी अक्षरात लिहायची. एकाहून जास्त झाले की डॉलरचे डॉलर्स, पौंडाचे पौंड्स होतात. येन, युआन, वॉन मात्र लाख झाले तरी तसेच! भाकरी थापता थापता बाई हे घडाघडा म्हणायची आणि ज्योतीराम तोंड उघडं टाकून ऐकायचा. (त्याला रुपयाचंसुद्धा खात्रीनं सांगता आलं नसतं.)

ज्योतीराम दुसऱ्या कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर. 'प्रत्येक वस्तूला नाव, प्रत्येक नावाला जागा' हा तिथला मंत्र. त्यानं रहाटणीच्या त्या टीचभर स्वयंपाकघरात सगळ्या डब्यांवर चलनांची लेबलं चिकटवली. 'एस' लागणारी वरच्या फळीवर, न लागणारी खालच्या. दिपालीनं तासाभरात कुठल्या डब्यात काय, तेही पाठ केलं. काय डोकं आहे, राव!

सोमवारी सकाळी तो म्हणाला, "तू वाच. चहा आज मी करतो. साखर कुठंय गं?"

"येनमध्ये," पुस्तकातून मान वर न करता ती म्हणाली.

त्यानं येनमधून चार चमचे घातले. दिपालीनं चलनं पुटपुटत कप रिकामा केला आणि पळाली. मग त्याच्या आईनं, सुभद्राबाईंनी, घोट घेतला आणि थेट मोरीत थुंकला.

"आरं मुडद्या, मीठ हाय ह्यात!"

लेबलं त्यानं झाकणांना लावली होती. झाकणं सगळी एका मापाची. रविवारी रात्री डबे घासून झाकणं परत लावताना येनचं झाकण मिठावर बसलं होतं.

"डब्याला लावायचं सोडून झाकणाला? कंपनी पगार देती व्हय रं तुला?"

ज्योतीरामला घाम फुटला. परीक्षेत हिला मळमळलं तर? माझ्यापायी बिचारीची खुर्ची जाणार! फोन लावला, तर बंद. दिवसभर तो लावतच राहिला.

संध्याकाळी दिपाली पेढे घेऊन आली. पहिली आली होती! त्याचे डोळेच भरून आले. बायको नव्हे, वाघीण आहे ही!

"पण चहा खारट लागला नाही तुला?"

"लागला की!"

"मग बोलली का नाहीस?"

"अहो, नऊ वर्षांत पहिल्यांदा केलात. मला वाटलं, तुमचा असाच होत असेल."