बसच्या मागचा माणूस

सोनाली पहिलीत गेली आणि म्हसूची झोप उडाली. शेळ्या-मेंढ्यांमागे रान तुडवलेल्या त्याच्या घराण्यातून गणवेश घालून, बसमध्ये बसून पौडच्या शाळेला जाणारं हे पहिलंच माणूस. त्यात रस्ता असा, की माले गावाजवळच्या फाट्यावर बस थांबली की एका बाजूनं खडीचा डंपर आणि दुसऱ्या बाजूनं घाटाकडे उधळलेल्या पर्यटकांच्या गाड्या. अभिमान आणि धास्ती म्हसूच्या छातीत एकाच वेळी दाटली होती.

पहिल्याच दिवशी त्यानं बस ड्रायव्हरला गाठलं.

"कोंडाजी, म्होरं तुमी. मागं कोण?"

"मागं कशाला कोण पायजे? दाराशी सारजामावशी हाय की पोरं संबाळायला."

"दाराशी न्हाई, मागं. कळप हलवताना एक माणूस म्होरं, एक मागं, ही आमची रीत. मागचं कोकरू गळालं तर म्होरच्याला काय कळतंय?"

"आरं, ही पोरं हायेत, मेंढरं न्हाईत!"

"मेंढरं शानी. खिडकीतनं हात भाईर काढत न्हाईत."

कोंडाजीनं हसून गियर टाकला. म्हसू मात्र हसण्यावारी नेणारा नव्हता. त्यानं सोनालीला पढवूनच पाठवलं होतं, "तोंड बांधून कुणी मागं मागं आला तर मावशीला सांगायचं. वळखीचा असला तरी सांगायचं." आणि दुसऱ्या दिवसापासून जुनी मोटारसायकल काढून तो स्वतःच बसच्या मागे निघाला. बसमागची धूळ नाकातोंडात जाऊ लागली, म्हणून टॉवेलनं तोंड घट्ट बांधलं. बस थांबली की तो थांबे, बस निघाली की तो निघे. बस शाळेच्या फाटकात शिरली की गुपचूप परते.

थोड्याच दिवसांत पालकांच्या ग्रुपवर सारजामावशीचा आवाज घुमला. "पालकांनो, सावध ऱ्हावा! तोंड बांधलेला एक माणूस रोज गाडीवरनं आपल्या बसच्या मागं लागतोय."

म्हसूनं चहाचा कप तसाच खाली ठेवला.

"ऐकलंस तानू? म्या म्हणत न्हवतो?"

त्याची बायको तानूबाई घाबरली. "अवो, पर तुमी तर रोज मागंच असता. तुमाला न्हाई दिसला त्यो?"

म्हसू विचारात पडला. "माझं ध्यान बसकडं. त्यो माझ्याबी मागनं येत असंल."

"तोंड तर तुमीबी बांधता."

"म्या धुळीपायी बांधतो. त्यो वाईट इचारानं बांधत असंल."

दुसऱ्या दिवशी म्हसूनं काठी बरोबर घेतली. चोराला आपली ओळख पटू नये म्हणून डोक्यावरून घोंगडीही घेतली. वाटेत तो घडीघडी मान वळवून मागे पाहत होता. संध्याकाळी ग्रुपवर पुन्हा मावशी. "आज त्यानं काठी आणली व्हती! घोंगडी पांघरून, चोरावानी सारखा मागं बघत व्हता!"

म्हसूचा संताप अनावर झाला. "घोंगडी? म्हंजी आपल्याच लोकांतला निगाला! समाजाची लाज काढली भाड्यानं! उद्या त्याला सोडत न्हाई."

योगायोग असा, की गावचे बागायतदार जयसिंगराव यांनीही तेच ठरवलं होतं. त्यांचा नातू ओम त्याच बसमध्ये होता. सकाळी पौडच्या अलीकडच्या वळणावर बस पुढे गेली आणि जयसिंगरावांनी ट्रॅक्टर रस्त्यात आडवा घातला. चार गडी घेऊन ते उभे राहिले. त्यांना पाहून म्हसूला देव भेटल्यासारखं झालं.

"जयसिंगराव, बरं झालं आलासा! त्यो मागनं येतोय. हितंच धरा!"

सगळे जण म्हसूच्या मागे पाहू लागले. रस्ता मोकळा होता. बऱ्याच वेळानं एक म्हैस आली आणि निघून गेली. मग एका गड्यानं म्हसूच्या तोंडावरचा टॉवेल ओढला.

"म्हसू, तू?"

"म्या तर हायेच. पर त्यो कुटं हाय?"

चोर ओळखायला म्हणून पुढे थांबलेल्या बसमधून सारजामावशी सोनालीचा हात धरून आली होती.

"पप्पा, त्यो म्हंजी तुमीच," सोनाली म्हणाली. "म्याच मावशीला सांगितलं."

"आगं, तू मला वळखलं न्हाईस?"

"पयल्याच दिवशी वळखलं. पर तुमीच म्हणला व्हता ना, वळखीचा असला तरी सांगायचं?"

"आन माजा बाप हाय म्हणून सांगितलं न्हाईस व्हय?" मावशी ओरडली.

"तुमी इचारलंच न्हाई."

जयसिंगरावांना हसावं की रागवावं कळेना. "पर पोरी, तुला मागचं दिसलं कसं?"

"म्या शेवटच्या सीटवर बसते. कळपाच्या मागं आपलं माणूस पायजे. सगळी उतरली की म्या उतरते. परवा ओम सीटखाली झोपला व्हता, त्याला म्याच उटवला."

जयसिंगरावांचा चेहरा उतरला. सारजामावशीनं मान खाली घातली. झोपलेला ओम, बंद बस आणि दिवसभराचं ऊन एकदमच सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आलं. जयसिंगरावांनी सोनालीच्या डोक्यावर हात ठेवला, मग गड्यांना ट्रॅक्टर बाजूला घ्यायला सांगितलं.

त्या दिवशी म्हसू पौडच्या एसटी स्टँडवर, चहाच्या टपरीवर, भेटेल त्याला थांबवून सांगत होता, "माझ्या पोरीनं मला धरून दिला! सख्ख्या बापाला!" ऊर असा भरून आला होता, की तोंड बांधायचीही आठवण राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी बस निघाली. सवयीनं म्हसूनं मोटारसायकलला किक मारली. बसच्या मागच्या काचेत एक चिमुकलं बोट उठलं आणि दटावत हललं.

म्हसूनं गुमान गाडी बंद केली. कळपाच्या मागे माणूस होतं.