आड न येणारे वाघमारे

वाघमारे कधी कुणाच्या समोर उभे राहत नसत. बोलायचं असलं की ते तिरके यायचे, तुमच्या उजव्या खांद्याच्या जरा मागे थांबायचे आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "आड येत नाही ना?" मग कामाचं बोलायचे. पहिल्याच दिवशी मी दचकून हातातला चहा मांडीवर सांडला होता. तेव्हाही ते तिथूनच म्हणाले, "रुमाल देऊ? आड येत नाही ना?"

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये, जीन्स शिवायच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर लच्छूसेठचं कॉम्प्युटरचं ऑफिस होतं. खाली शिलाई मशिनं सुरू झाली की आमची फरशी थरथरायची. आम्ही आसपासच्या कारखान्यांसाठी हजेरीचे, रजेचे प्रोग्रॅम लिहायचो. मी त्याआधी अंबरनाथच्या एका कारखान्यात वीस वर्षं टायपिस्ट होते. तो बंद पडला. टाइपरायटरही जगातून उठत चालले होते. पंचेचाळिसाव्या वर्षी मी सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि सेठने मला तीन महिन्यांच्या बोलीवर ठेवून घेतलं.

प्रोग्रॅम लिहायचा पडदा काळा, अक्षरं हिरवी. एका ओळीत ऐंशी अक्षरं, अशा पंचवीस ओळी. लिहिण्यासाठी जो एडिटर होता त्याला वाघमारेंनी स्वतःचं एक शेपूट जोडलं होतं. लिहिता लिहिता प्रोग्रॅममधल्या एखाद्या रकान्याला दिलेलं नाव आठवेना, तर एक बटण दाबायचं. पडद्यावर छोटी चौकट उघडायची आणि तिच्यात सगळी नावं दिसायची. चौकट फार उपयोगाची होती. भांडण होतं ती उघडावी कुठे यावर.

सेठचं म्हणणं, "बीच में. बडी, डबल लाइनवाली. ग्राहक आया तो दिखना चाहिए ना, साईं?"

वाघमारेंचं म्हणणं, "सेठ, माणूस बोलत असताना मध्ये जाऊन उभं राहतो का कुणी? तो लिहितोय ती ओळ झाकायची नाही. आधी खाली बघायचं. खाली जागा नसली तर वर."

पगार सेठ देत असल्यामुळे चौकट मधोमध उघडायची.

वाघमारेंनी हार मानली नव्हती. मिठाईच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून त्यांनी लहानमोठ्या चौकटी केल्या होत्या. पडद्याच्या काचेवर आखलेला प्लॅस्टिकचा कागद चिकटवून ते पुठ्ठे त्यावर सरकवत बसायचे. पुठ्ठ्यांना पेढ्याचं तूप लागलेलं असल्यामुळे त्यांच्या पडद्यावर कायम मुंग्या असत. "आधी खाली, मग वर" हा नियम त्यांनी आयुष्यालाही लावला होता. बदलापूरला कात्रपमध्ये खोली घेतली तेव्हा म्हणाले, "तळमजला बघितला. जागा नव्हती. म्हणून वर गेलो."

माझ्या शेजारी बसणाऱ्या सुनीताच्या साखरपुड्याला आम्ही सगळे बुवापाड्याला गेलो होतो. वाघमारे शेवटच्या रांगेत बसले. पाच मिनिटांनी उठले आणि स्टेजवरची फुलदाणी हलवली. मग फोटोग्राफरचा दिवा सरकवला. मग सुनीताच्या मामांना हाताला धरून दोन पावलं डावीकडे नेलं. फोटोग्राफर वैतागून म्हणाला, "साहेब, तुम्ही मुलीकडचे की मुलाकडचे?"

"मी मागच्या रांगेतला," वाघमारे म्हणाले.

मधोमध उघडणाऱ्या चौकटीचा ऑफिसवर एक विचित्र परिणाम झाला होता. चौकट उघडली की आपलीच ओळ झाकली जाणार, म्हणून बटण दाबण्याआधी जो तो आपली ओळ मोठ्याने म्हणून ठेवायचा. दुपारी ऑफिसात पाढे चालू असल्यासारखा आवाज यायचा. अशाच एका दुपारी मी हजेरीचा प्रोग्रॅम लिहीत होते आणि सुनीता शेजारी रजेचा. मी बटण दाबलं, माझी ओळ झाकली गेली, आणि चौकट मिटल्यावर माझ्या डोक्यात राहिली होती ती सुनीताची ओळ. तीच मी माझ्या प्रोग्रॅममध्ये लिहून मोकळी झाले.

परिणामी अंबरनाथच्याच दुसऱ्या एका कारखान्यातले बॉयलरवरचे सगळे पुरुष प्रसूतीच्या रजेवर गेले.

कारखान्याच्या साहेबांचा फोन आला तेव्हा सुनीता टेबलाखाली डोकं घालून हसत होती. सेठ हसला नाही. "बाई, शनिवारी ते साहेब इथे येणार. त्यांच्यासमोर तुम्हीच दुरुस्ती करायची. एक पण मिष्टेक झाला तर सोमवारपासून घरी आराम करा."

घरी आराम करायचा म्हणजे काय, हे मला चांगलं माहीत होतं. टायपिंग संपलं होतं आणि या वयात दुसरीकडे कुणी दारात उभं केलं नसतं. सहा महिने पोरांच्या वर्गात बसून शिकले होते ते सगळं त्या शनिवारवर येऊन ठेपलं. त्यात मान दुखत होती. महिनाभर ती अशी आखडायची की संध्याकाळी रिक्षात बसल्यावर घर आलं का हे बघायला अख्खी मी वळायचे.

त्या आठवड्यात वाघमारे तीन दिवस माझ्या खांद्यामागे येऊन उभे राहत होते. काही बोलायचे नाहीत. हातात वही. मी बटण दाबलं की काहीतरी लिहायचे. तिसऱ्या दिवशी माझा तोल सुटला.

"वाघमारे, माझ्या चुका मोजताय का?"

"नाही, म्हात्रेताई. हनुवटी."

"काय?"

"काही नाही. आड येत नाही ना?"

"येताय!" मी म्हणाले. ते पांढरेफटक पडले आणि गेले. मला वाईट वाटायला हवं होतं, पण तेवढा वेळ नव्हता.

शनिवारी कारखान्याचे साहेब आले. माझ्या मागे खुर्ची टाकून बसले. सेठ त्यांच्यामागे, आणि वाघमारे लांब कपाटापाशी. मी दुरुस्ती करत करत पडद्याच्या तळाशी, शेवटच्या ओळीवर आले आणि नेमकं तिथे नाव आठवेना. ओळ मनात तीनदा म्हटली आणि बटण दाबलं.

पडद्यावरचं सगळं लिखाण अलगद वर सरकलं. माझी ओळही वर गेली, आणि तिच्या खाली मोकळ्या झालेल्या जागेत चौकट उघडली. लहान, एकेरी रेघेची. माझी ओळ डोळ्यांसमोर जशीच्या तशी. मी नाव बघितलं, लिहिलं, चौकट मिटली, लिखाण परत खाली आलं. प्रोग्रॅम चालवला. बॉयलरवरचे सगळे पुरुष कामावर हजर झाले.

"हे बरंय," साहेब म्हणाले. "आपण काय लिहितोय ते दिसत राहतं."

"मैंने ही बोला था," सेठ म्हणाला, "नीचे रखो, नीचे रखो."

सोमवारी मी ऑफिसला गेले. आता सगळ्यांच्याच चौकटी ओळ सोडून उघडायला लागल्या होत्या. त्याच्या पुढच्या सोमवारीही गेले. तीन महिने झाले आणि सेठने मला कायम केलं. इतकं हलकं वाटत होतं की मानही दुखेनाशी झाली. मी नुकतीच कापसाची नवी उशी घेतली होती. सगळं श्रेय तिला दिलं आणि ऑफिसातल्या चौघांना तशीच उशी घ्यायला लावली.

मग एक दिवस माझं मशीन बिघडलं, म्हणून मी सुनीताच्या मशीनवर बसले. शेवटच्या ओळीवर येऊन बटण दाबलं तर चौकट वर उघडली.

"सुनीता, तुझी चौकट वर का जाते गं?"

"खाली जागा नाही तर वरच जाणार ना, ताई. सबकी वर जाते. तुमचीच नाही जात."

"का?"

"मुझे क्या पता. वाघमारे सरांना विचारा."

मी विचारलं नाही. त्यांनी त्या शेपटाचा प्रोग्रॅम सगळ्या मशिनांवर ठेवलेला होता, तो उघडला आणि वाचला. प्रत्येक माणसासाठी वेगळा तुकडा होता आणि त्याच्या डोक्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी टीप. सुनीता: वाचते भरभर, चौकट लगेच मिटावी. सेठ: मधोमध, दुहेरी रेघ, बदलू नये. माझ्या नावाखाली होतं: दोन भिंगांचा चष्मा. चौकट मधोमध आली तरी खालच्या भिंगातून बघायला हनुवटी उचलतात. दिवसात चाळीस वेळा. मान दुखते. वर नको, लिखाण सरकवावं.

मान दुखते हे मी घरीसुद्धा कुणाला सांगितलं नव्हतं.

वाघमारेंच्या नावाचा तुकडा शोधला. नव्हता.

जेवणाच्या सुट्टीत ते नेहमीसारखे खिडकीपाशी उभ्याने डबा खात होते. मी विचारलं, "वाघमारे, तुम्ही बसत का नाही कधी?"

"सवय, ताई. एका खोलीत नऊ माणसं होतो आम्ही. कुठेही बसलो तरी कुणीतरी म्हणायचंच, सरक जरा." ते हसले. "आता खोलीत मी एकटाच. तरी भिंतीला लागूनच बसतो."

मी खाली शिलाई कारखान्यात जाऊन एक जुनं स्टूल मागून आणलं. माझ्या टेबलाच्या उजव्या हाताला, पडद्याच्या जरा खाली, रिकामी जागा होती. तिथे ठेवलं.

"बसा. डबा घेऊन या इकडे."

ते आले. स्टूल एक वीतभर मागे सरकवलं. मी ते परत पुढे ओढलं. मग ते बसले, अगदी कडेवर, डबा मांडीवर धरून.

"आड येत..."

"नाही," मी म्हणाले. "नीट दिसताय. भाजी कसली आणलीय?"