सोफ्याखालची भीती

मोजपट्टीने बाबांच्या मनगटावर दोन बोटं टेकवली, तेव्हा ते सोफ्यावर दुपारची डुलकी काढत होते. नाडी संथ होती. पडदे ओढलेले होते, पंखा बंद होता, आणि सोफ्याच्या खाली, पार बाजूच्या भिंतीला लागून, एक काळा चौकोनी स्पीकर होता. तो या क्षणी चालू आहे की बंद, हे तिलाही माहीत नव्हतं. मुद्दाच तो होता.

बाबांनी डोळे उघडले. अंधूक उजेडात त्यांच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर तिचा चेहरा होता.

"झोपा बाबा," ती मऊ आवाजात म्हणाली. "अजून संपलं नाहीये."

बोटांखाली नाडी अशी उसळली की मोजपट्टीला उड्या माराव्याशा वाटल्या. पण तिने चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाही. प्रयोग करणाऱ्याने चेहरा कोरा ठेवायचा असतो. बाबांनीही डोळे पुन्हा मिटून घेतले, पण त्यानंतर ते झोपले नाहीत एवढं नक्की.

मोजपट्टी हे तिचं घरातलं नाव. लहानपणी ती दुधाचा पेला टेबलावर ठेवण्याआधी टेबल तिरकं नाही ना, हे गोटी ठेवून बघायची. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन ती सिनेमांच्या आवाजाचं काम करणाऱ्या एका स्टुडिओत लागली, आणि तिच्या वाट्याला पहिलाच सिनेमा आला तो भुताचा. कॉलेजातलं एक टोळकं सुट्टीत रिकाम्या वसतिगृहात राहायला जातं आणि त्यातले एकेक जण कमी होत जातात, अशी गोष्ट.

मोजपट्टीला भुताच्या सिनेमांची भीती कधी वाटली नव्हती. त्यांची बांधणी मात्र तिला फार आवडायची. मुलगी चौकटीच्या एका कडेला उभी करायची आणि बाकीची चौकट रिकामी सोडायची, म्हणजे त्या रिकाम्या जागेत काय असेल ते प्रेक्षक आपल्या पदरचं भरतो. आधी मांजर अंगावर उडी मारते, सगळे हसतात, खांदे सैल सोडतात, आणि खरा घाव त्या सैल खांद्यांवर पडतो. संगीत अचानक थांबतं तेव्हा माणूस नकळत श्वास रोखतो. हे सगळं तिला एखाद्या यंत्राचं झाकण उघडून आत बघितल्यासारखं वाटायचं.

दिग्दर्शकाचं म्हणणं मात्र एका शब्दाचं होतं: दणका. दार उघडलं, दणका. आरसा पुसला, दणका. मोजपट्टीचं म्हणणं, दणका बसला की भीती संपते. ती असते त्याच्या आधी. म्हणून तिने वसतिगृहाच्या सगळ्या प्रसंगांखाली एक खोल सूर घातला होता. इतका खोल, की कान तो पकडत नाही, छाती पकडते. कारण कळत नाही, पण आपल्या मागे कुणीतरी आहे असं वाटत राहतं. निदान वाटायला हवं.

"म्हणजे ऐकूच येत नाही?" निर्मात्याने विचारलं होतं.

"नाही सर. तेच तर—"

"मग काढून टाका."

दिग्दर्शकाने मधे पडून आठवड्याची मुदत मिळवली. तेवढ्यात मोजपट्टीने सूर काम करतो हे दाखवून द्यायचं, नाहीतर सूर जाणार. आणि त्या सिनेमात तिचं म्हणून तेवढंच होतं. सूर गेला की नावाच्या पाट्यांमधून तिचं नावही जाणार होतं. ते नाव पडद्यावर येणार, हे आईने ओळखीच्या एकूण एक माणसाला आधीच सांगून ठेवलं होतं.

म्हणून स्टुडिओतला जुना स्पीकर सोफ्याखाली आला. घरच्यांना सांगायचं नाही हे तिने ठरवलं, कारण सांगितलं की माणसं मुद्दाम घाबरतात किंवा मुद्दाम घाबरत नाहीत. आणि स्वतःलाही कळू द्यायचं नाही, म्हणून सूर केव्हा सुरू करायचा आणि केव्हा बंद, हे तिने कॉम्प्युटरवर सोपवलं. औषधांच्या चाचण्या अशाच करतात. सोफ्यावर बसलेल्यांचे चेहरे टिपायला समोरच्या कपाटावर पुस्तकांच्या आडून तिचा जुना फोन लावला. ती स्वतः सोफ्याच्या मागे, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची. आवाज नाही, हालचाल नाही. निरीक्षण करणाऱ्याची चाहूल लागली की निरीक्षण बिघडतं.

परिणाम तिच्या अपेक्षेपेक्षा लवकर दिसायला लागले.

पहिला बळी आत्या. ती भावाकडे राहायला आली होती आणि तिची ख्याती अशी की वर्तमानपत्रातल्या खुनाच्या बातम्या ती जेवताना मोठ्याने वाचून दाखवायची. सोफ्यावर बसून विणता विणता ती मधेच थांबली. समोर टीव्ही बंद होता. त्याच्या काळ्या काचेकडे ती काही वेळ बघत राहिली, मग मान न वळवता सुया-लोकर गोळा करून उठली आणि आईला म्हणाली, की मी आपली तुमच्या खोलीत बसते, इथे गार लागतंय. गार अजिबात नव्हतं. मोजपट्टीने तापमान बघितलं होतं.

ती आत्याच्या मागोमाग गेली. पावलांचा आवाज होऊ नये म्हणून मोजे घातले होते.

"आत्या," ती दारातून म्हणाली, "आत्ता मागे कुणी असल्यासारखं वाटलं का तुला?"

आत्याच्या हातातली सुई खाली पडली. "नाही गं बाळ," ती म्हणाली. आत्याने मोजपट्टीला बाळ म्हणण्याची ही पहिलीच वेळ होती.

त्यानंतर घराची रीतच बदलली. आत्या न्हाणीघरात गेली की आईला बाहेर उभं करायची आणि आतून मधून मधून हाक मारायची. आई ओ देईपर्यंत नळ बंद. आईने बोळातला आरसा काढून पलंगाखाली तोंड खाली करून ठेवला. का, तर म्हणे त्याची चौकट सैल झाली होती. चौकट घट्ट होती. बाबा पेपर घेऊन सोफ्याच्या अगदी टोकाला, बाजूच्या भिंतीला पाठ लावून बसायला लागले. तिघं एकमेकांशी कुजबुजत, आणि मोजपट्टी आली की हवापाण्यावर बोलत. संध्याकाळी दिवे लावायला आई उठली तर मोजपट्टी हळूच म्हणायची, "असू दे ना अंधार. आहे तसंच राहू दे." उजेड बदलला असता तर आधीच्या नोंदींशी तुलना करता आली नसती. आई दिव्याच्या बटणावरचा हात तसाच मागे घ्यायची.

एकच शंका मोजपट्टीला खात होती: हे सगळे एका घरातले. एकाची भीती दुसऱ्याला लागत असेल. बाहेरचा माणूस हवा. तो बाबांनीच आणला. घरात वायरिंगमध्ये काहीतरी गडबड असावी अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती, म्हणून एका सकाळी वायरमन आला. आडदांड, गाणं गुणगुणणारा. बाबांनी त्याला मेन बोर्ड दाखवला आणि का कोण जाणे, घाईने घराबाहेर पडले. वायरमन स्टुलावर चढला. मोजपट्टी दारात जाऊन उभी राहिली.

थोड्या वेळाने गुणगुणणं थांबलं. त्याने खांद्यावरून मागे बघितलं.

"काही हवंय का, ताई?"

"नाही. तुम्ही चालू द्या."

त्याने परत दोन स्क्रू फिरवले. परत मागे बघितलं. ती होती तिथेच होती. मानेवरचे केस उभे राहतात का, तेवढं ती बघत होती. राहिले. वायरमन उतरला, जोडीदाराला घेऊन येतो म्हणाला आणि पिशवी तिथेच टाकून गेला. पिशवी न्यायला त्याने नंतर आपल्या बायकोला पाठवलं, तीसुद्धा उंबऱ्याच्या बाहेर उभी राहूनच मागत होती.

मोजपट्टीला आता शंका उरली नाही. सूर बाहेरच्या माणसावरही चालत होता. मुदत संपायच्या आदल्या संध्याकाळी ती मनातल्या मनात निर्मात्यासमोर बोलायचं भाषण जुळवत होती, तेवढ्यात बाबांनी तिला हाक मारली. तिघंही जेवणाच्या टेबलापाशी बसले होते. टेबलावर लावता येतील तेवढे दिवे लावले होते.

घर बदलायचं ठरतंय, असं बाबा म्हणाले. भाड्याचंच तर आहे. एक घर बघूनही आलोय.

प्रयोगापायी माणसं घर सोडायला निघाली होती. आता गप्प राहणं शास्त्रात बसलं असतं, पण माणुसकीत बसत नव्हतं. मोजपट्टीने सगळं सांगून टाकलं: सूर, निर्माता, मुदत. तुम्हाला जी भीती वाटते ती सोफ्याखालच्या डब्यातून येते, तिच्यात भुताखेताचं काही नाही, हवेची कंपनं आहेत, आणि ही आत्ता मी ती बंद करते.

"सोफ्याखालचा काळा डबा?" आई म्हणाली. "त्याची वायर तू तो आणलास त्याच दिवशी मी प्लगमधून काढली. इस्त्रीला जागा नको का?"

मोजपट्टी गुडघ्यांवर बसली आणि तिने सोफ्याखाली डोकं घातलं. वायर निपचित पडली होती. पिनेवर धूळही बसली होती. सूर या घरात एकदाही वाजला नव्हता.

ती तशीच, सोफ्याखालूनच म्हणाली, "मग तुम्ही कशाला घाबरत होतात?"

तिने डोकं बाहेर काढलं. आई बाबांकडे बघत होती, बाबा दिव्याकडे.

शेवटी आत्याने धीर केला. "तुला गं."

मग धरण फुटल्यासारखं झालं. बाबांनी मनगट पुढे करून दाखवलं. त्या दिवसापासून आपण दुपारी झोपलो नाही, म्हणाले. टीव्हीच्या काचेत आपल्या मागे कोरा चेहरा दिसतो, हे आत्याने सांगितलं. आरशातही तोच, हे आईने. भुताचे सिनेमे करून पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय, जागा बदलली तर बरं वाटेल, असं तिघांचं एकमत झालं होतं. नवं घर तिच्यासाठीच बघितलं होतं.

"त्यात बोळ नाहीये," आई म्हणाली आणि रडायला लागली. मोजपट्टीलाही रडू आलं. पण आईचा हात धरल्यावर तिची बोटं सवयीने नाडीवर गेली, ती तिने पटकन उचलली.

दुसऱ्या दिवशी ती स्टुडिओत गेली ते हरलेला निकाल घेऊन. प्रयोग फसला हेही सांगायचं असतं. तिने दिग्दर्शकाला सगळं सांगितलं, आणि पुरावा म्हणून फोनमधलं चित्रण मोठ्या पडद्यावर लावलं. बघा, स्पीकर बंद असतानाही हे असे बसलेत.

पडद्यावर सोफा होता. बाबा पेपर वाचत होते, आत्या विणत होती. आवाज नव्हता. संगीत नव्हतं. काहीच घडत नव्हतं. दिग्दर्शकाने जांभई द्यायला तोंड उघडलं, आणि ते उघडंच राहिलं.

सोफ्याच्या मागे, स्वयंपाकघराच्या दारात, अंधूक, चौकटीच्या कडेला, कुणीतरी उभं होतं.

ते केव्हापासून उभं होतं, सांगता येत नव्हतं. बहुतेक पहिल्यापासून. सोफ्यावरच्या दोघांना माहीत नव्हतं. आत्याने सुई बदलली. ते हललं नाही. बाबांनी पान उलटलं. त्याची मान, किंचितच, बाबांकडे कलली.

मोजपट्टीला ठाऊक होतं की ती आपणच आहोत. ते मोजेही तिचेच होते. तरी तिच्या पाठीतून काहीतरी गार सरकत वर गेलं, मानेपाशी आलं आणि तिथेच थांबलं. बाबांना ओरडून सांगावं, मागे बघा, असं तिला वाटलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिला सिनेमाची भीती वाटत होती, आणि ती मोजायचं तिला सुचलं नाही.

"ही कोण आहे?" दिग्दर्शकाने घोगऱ्या आवाजात विचारलं.

"मीच, सर."

त्याने आपली खुर्ची थोडी लांब सरकवली. मग बराच वेळ विचार करून म्हणाला, की सूर राहू दे बाजूला. दणकेही काढू. तू फक्त दारात उभी राहा.

सिनेमा लागला, तेव्हा नावाच्या पाट्यांमध्ये ध्वनी विभागात मोजपट्टीचं नाव नव्हतं. ते कलाकारांमध्ये होतं, अगदी शेवटी. आईला तेवढं पुरलं. तिने सगळ्या घराची तिकिटं काढली होती. नव्या घराचा विषय मागे पडला होता आणि आरसा बोळात परत आला होता.

थिएटर भरलेलं होतं. पडद्यावर वसतिगृहातल्या मुली पत्ते खेळत होत्या, हसत होत्या, आणि एकेका रांगेतून हळूहळू लोकांच्या लक्षात यायला लागलं की मागच्या दारात कुणीतरी आहे. कुणी किंचाळलं नाही. उलट सगळं थिएटर गप्प होत गेलं, कागदी पुड्यांची कुरकुरसुद्धा थांबली. आत्याच्या शेजारच्या खुर्चीवरच्या अनोळखी तरुणाने दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे आवळून धरले.

आत्याला त्याची दया आली. ती त्याच्याकडे झुकून कुजबुजली, "घाबरू नका हो. आमचीच आहे. काही करत नाही, नुसती बघते."

तरुणाने चमकून आत्याकडे बघितलं. मग आत्याच्या पलीकडे. तिथल्या खुर्चीत पडद्यावरचाच चेहरा होता. तो सिनेमा बघत नव्हता. तो तरुणाकडेच बघत होता, केव्हापासून कोण जाणे.

"आत्ता," मोजपट्टीने मऊ आवाजात, मनापासून विचारलं, "नेमकं कुठे वाटलं तुम्हाला? छातीत की मानेत?"