बॅटरीचा अतिरिक्त प्रभार

मंगळवारी सकाळी हुपरीकरांच्या गाडीच्या बॅटरीने चार्ज सोडला आणि तो रीतसर गजानन हुपरीकरांच्या हवाली केला.

उषाताई मंडईला निघाल्या होत्या. किल्ली फिरवली तर गाडी नुसती खाकरली. नवऱ्याने बॉनेट उघडलं, तेव्हा बॅटरीवर घडी घातलेला कागद होता. 'प्रकृतीच्या कारणास्तव चार्ज सोडत आहे. पुढील आदेशापर्यंत अतिरिक्त प्रभार श्री. हुपरीकर यांच्याकडे राहील.' वर जावक क्रमांकसुद्धा घातलेला.

"आधी मीटर लावून बघू," उषाताई म्हणाल्या. त्यांना कागदापेक्षा आकडा पटतो. गाडी बंद ठेवून त्यांनी लाल वायर प्लसला लावली, काळी मायनसला. धडधाकट बॅटरी साडेबारा व्होल्टच्या वर दाखवते. हिने नऊ दाखवले. मग त्याच वायरी त्यांनी नवऱ्याच्या दोन अंगठ्यांना लावल्या. बारा पॉइंट सात.

"म्हणजे चार्ज खरंच माझ्याकडे आलाय," हुपरीकर म्हणाले आणि घरात जाऊन इस्त्रीचा शर्ट घालून आले.

आता हा माणूस एवढा का हुरळला, तेही सांगायला हवं. एकतीस वर्षं तो सरकारी कचेरीत अव्वल कारकून होता. साहेब बदलून गेले, रजेवर गेले, एक तर चक्क पळून गेले, पण चार्ज दर वेळी कुणातरी ज्युनिअरला मिळाला. हुपरीकरांनी त्याच्यासाठी हार तेवढा आणून दिला. ते सगळे हार उषाताईंना पाठ होते.

तर हुपरीकर बॉनेटखाली बसू लागले. बॅटरीच्या जागी, पाय दुमडून, दोन्ही क्लिपा अंगठ्यांना. गाडी एका झटक्यात सुरू व्हायची. संध्याकाळी जरा अंधारून आलं की आतून आवाज यायचा, "हेडलाइट कुणाला विचारून लावलेत?"

महिन्याभरात आकडा उतरू लागला. बारा पॉइंट चार, मग बारा पॉइंट एक. हात गार पडायचे, जेवताना डुलक्या यायच्या. एकदा त्यांनी उषाताईंनाच विचारलं, "आपलं काय काम होतं?" उषाताई हबकल्या आणि त्याच दिवशी नवी बॅटरी घेऊन आल्या.

"हिला नेमणूक कुणी दिली?" हुपरीकर म्हणाले. "मला कार्यमुक्त केल्याचा आदेश दाखव."

आदेश नव्हता. त्यामुळे नवी बॅटरी पोस्टिंगच्या प्रतीक्षेत सोफ्यावर बसून राहिली. शेजारच्या निकमवहिनी आल्या तेव्हा उषाताईंनी तिलाही चहा विचारला.

गाडी उषाताईंच्या नावावर होती, म्हणजे आदेश काढायचा अधिकार त्यांचाच. गुरुवारी सकाळी त्यांनी तो लिहिला, सही केली आणि पर्समध्ये घालून खाली आल्या. हुपरीकर आधीच बॉनेटखाली बसले होते. मीटर लावला. अकराच्याही खाली.

"अहो, एक सांगायचं होतं."

"मलाही सांगायचंय," हुपरीकर म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "माझ्यावाचून कुणाचं अडतंय असं आयुष्यात पहिल्यांदाच होतंय गं. फार बरं वाटतं."

उषाताईंना गलबलून आलं. हातात घेतलेला कागद त्यांनी परत पर्सच्या तळाशी कोंबला.

"तू काय म्हणत होतीस?"

"डोकं खाली घ्या. बॉनेट लावतेय."

"आकडा किती आला?"

"चांगला आलाय."

त्यांनी किल्ली फिरवली. काहीच झालं नाही. मग गाडी न्यूट्रलला टाकून त्या उतरल्या आणि निकमवहिनींना खुणेने बोलावलं. वहिनी मागे गेल्या. उषाताईंनी पदर खोचला, एक हात स्टिअरिंगवर ठेवला आणि दाराला खांदा लावून गाडी फाटकाबाहेर ढकलली.

"आज इंजिनाचा आवाजसुद्धा नाही," आतून हुपरीकर म्हणाले. "किती सुरळीत चाललीय, बघ."

"तुमच्यामुळेच," उषाताई धापा टाकत म्हणाल्या. पुढे मंडईचा चढ होता.