पाचव्या पेटीची सहनशक्ती

कॅलिफोर्नियात सनीव्हेलच्या एका कंपनीत १९९८ साली सर्व्हर एक होता आणि त्याची काळजी वाहणारे अकरा जण होते. प्रत्यक्ष काम करणारा मात्र बुद्धभूषण एकटा. वीज गेली तरी सर्व्हर चालू राहावा म्हणून त्याला यूपीएस, म्हणजे बॅटरीची पेटी, जोडलेली होती. गुरुवारच्या बैठकीत मॅनेजर गुरुनाथ साठ्यांना गहन प्रश्न पडला : पेटीच बिघडली तर?

म्हणून पहिल्या पेटीत दुसरीची वायर खोचली. दुसरी बिघडली तर म्हणून तिच्यात तिसरी. पाचव्या पेटीपाशी खोलीतली जागा संपली, म्हणून सर्व्हर तिलाच जोडून धोरण पूर्ण झालं असं जाहीर करण्यात आलं.

"गुरुनाथ, हे रिस्की आहे," बुद्धभूषण म्हणाला. "बॅटरीवर गेली की पेटी ओबडधोबड करंट देते. पुढचीला तो चालत नाही, मग तीही बॅटरीवर जाते. शेवटी सगळा लोड पाचवीवर येणार. एकच चांगली घेऊ या ना."

"ती एक कधीच फेल होणार नाही, असं रायटिंगमध्ये देतोस?"

"असं कोण देईल?"

"मग या प्लॅनवर सही कर, यार. तुझी ग्रीन कार्डाची फाइल माझ्याच टेबलावर आहे."

घरी बायको उपासना सहा महिन्यांपासून त्या फाइलची वाट बघत होती. बुद्धभूषणने सही केली.

शुक्रवारी नियमानुसार चाचणी झाली. पहिली पेटी पूर्ण रिकामी होईपर्यंत बॅटरीवर चालवायची होती. तिची वीज दुसरीने नाकारली, दुसरीची तिसरीने, तिसरीची चौथीने आणि चौथीची पाचवीने. सर्व्हर एकट्या पाचवीने ओढला. ती वीस मिनिटं ओरडली आणि मेली. सर्व्हरही गेला.

भिंतीत वीज होती. चार पेट्या भरलेल्या होत्या. थेट भिंतीला जोडलेलं कॉफी मशीनही झकास चाललं होतं, म्हणून चौकशी तिथेच झाली. पहिल्या पेटीची वीज कुणी घेतच नव्हतं, त्यामुळे ती संपली नाही आणि उत्तम गुणांनी पास झाली. पाचवीची सहनशक्ती अपुरी ठरली. कागदावर सही बुद्धभूषणची होती, त्यामुळे त्याचीही.

"पर्सनली मला खूप वाईट वाटतंय," असं म्हणून साठ्यांनी फाइल मागे घेतली आणि सहाव्या पेटीची ऑर्डर दिली.

वाचकहो, तुमच्याही ऑफिसात अशी एक पाचवी पेटी असेल. ती कोण, हे तुम्हाला ठाऊक नसेल, तर अभिनंदन. तुम्ही उत्तम गुणांनी पास झालात.