ऐसपैस आनंदमेळा

गर्दी हा माणसांचा दोष नसून जागेचा दोष आहे, असं मी एकोणीसशे पंचावन्न साली पनवेलच्या आमच्या वाचनालयाच्या सभेत उभं राहून सांगितलं. टाळ्या पडल्या नाहीत, पण विरोधही कुणी केला नाही. चहा यायचा होता.

मी हायस्कुलात चित्रकला शिकवायचो. दिवाळीच्या सुट्टीत मुंबईला एक भलंमोठं प्रदर्शन पाहून आलो होतो. रुंद रस्ते, मधोमध चौक, दोन दुकानांच्या मध्ये हिरवळ! आणि आमचा वाचनालयाचा आनंदमेळा? तो दर पौषात तळ्याकाठच्या एका चिमुकल्या पटांगणात भरायचा. तेवढ्यात पाळणा, जादूगार, नेमबाजी, भजी, फुगे आणि वर अख्खं पनवेल! एकाचं कोपर दुसऱ्याच्या बरगडीत, जिलबीचा पाक तिसरीच्या पदरावर. जादूगारानं टोपीतून कबूतर काढलं की ते थेट बेसनाच्या परातीत उतरायचं.

"यंदाची मांडणी माझ्यावर सोडा," मी म्हणालो. "एकाचा धक्का दुसऱ्याला लागला तर नाव बदलीन!"

वाचनालयाचे चिटणीस दिनानाथ गुप्ते जरा चुळबुळले. यंदाच्या मेळ्यातून मुलींच्या शाळेला एक खोली बांधून द्यायची ठरली होती. सातवीच्या मुली ओट्यावर बसून भूगोल शिकत होत्या आणि थंडीतल्या वाऱ्यानं त्यांचे नकाशे उडून थेट बाजारात जात होते.

"मास्तर, मेळा पडला तर खोली गेली," गुप्ते म्हणाले.

"मेळा पडत नाही. पडते ती गर्दी!" मी म्हणालो. या वाक्याचा अर्थ मलाही नीटसा लागला नव्हता, पण तेवढ्यात चहा आला आणि ठराव पास झाला.

गावाबाहेर बळीराम पाटलांची भाताची शेतं कापून मोकळी झाली होती. साडेचार एकर! मी चार दिवस खपून नकाशा काढला. मध्ये चौक, चौकातून निघणारे सहा रस्ते, प्रत्येक चाळीस फूट रुंद. दोन दुकानांत तीस पावलांचं अंतर. आत यायचं दार एवढं मोठं, की दोन हत्ती गप्पा मारत आत आले असते.

लाजिरवाणी गोष्ट एकच होती. बाहेर जायची वाट. तिच्या दोन्ही अंगांना पाटलांनी वाल पेरले होते.

"गाडीवाट हाय तेवरीच," पाटील म्हणाले. "माझे वाल तुडवले तर तुमचा मेलाच तुडवीन!"

त्यांनी दोन्ही बाजूंनी बांबूचे कूड घातले. वाट उरली सात फुटांची. नकाशात ती मी कागदाच्या अगदी कडेला, पेन्सिलीनं आणि बारीक काढली.

माझी बायको दमयंती महिला मंडळाच्या भज्यांची प्रमुख होती. तिनं नकाशा बराच वेळ पाहिला.

"अहो, मीठ कमी पडलं तर शेजारच्या दुकानाला हाक मारायची की पोस्टकार्ड टाकायचं?"

कलावंताला घरात कुणी ओळखत नाही. मी नकाशाची गुंडाळी केली.

मेळ्याचा दिवस उजाडला. दुपारी तीनला दार उघडलं. गेल्या वर्षीइतकेच लोक आले होते, हे मी शपथेवर सांगतो. पण साडेचार एकरांत ते असे दिसत होते, जणू कुणाची तरी म्हैस हरवली आहे आणि गावकरी चारी दिशांना शोधायला निघालेत! शिवाय माझे रस्ते सरळ आणि शेताचे बांध आडवे, त्यामुळे माणसं दर वीस पावलांनी नाहीशी होऊन पुन्हा वर येत होती.

एक म्हातारेबुवा चौकात माझ्यापाशी आले. "मास्तर, मेळा कुठं आहे हो?"

"आजोबा, तुम्ही मेळ्यातच उभे आहात!"

त्यांनी चारी बाजूंना पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. फार वाईट हात होता तो.

तेवढ्यात पाळणेवाला बुधाजी धापा टाकत आला. "मास्तर, पालना कोन घेत नाय!"

"का बरं?"

"वर गेलं का मानूस खाली बघतं. वलखीचं कोन दिसलं का हाक मारतं, हात हालवतं. हितं खाली काय? बांध नि बगले! एक बाय वर गेली नि रडायाच लागली. म्हनं, सगली कुठं गेली? घाबरली ना बिचारी!"

जादूगाराची कथा आणखी करुण होती. त्याच्या पाठीमागे दरवर्षी भिंत असायची. यंदा चहूकडे मोकळं! त्यानं कोंबडी गायब केली, आणि मागच्या रस्त्यानं निघालेल्या एका सज्जनानं, "अहो, ती तुमच्या कोटाखाली आहे!" असं मदतीच्या भावनेनं ओरडून सांगितलं. जादूगार कोंबडीसह रुसून बसला.

पाच वाजता मामलेदारसाहेब उद्घाटनाला यायचे होते. त्याआधी चैतन्य आणणं भाग होतं. मी गुप्त्यांना कर्ण्यावर बसवलं.

"लोकांना कळू दे कुठं काय चाललंय! जोरात बोला!"

गुप्त्यांनी घसा साफ केला. "महिला मंडळाच्या बटाटेभज्यांचा पहिला घाणा संपला! दुसरा येत आहे!"

चौकात ते स्वच्छ ऐकू आलं. पण खाडीवरून वारा सुटला होता. दूरवर पोचेपर्यंत मधली अक्षरं वाऱ्यानं खाल्ली आणि पलीकडच्या टोकाला फक्त 'मं... ळा... संपला' एवढंच उतरलं.

"मेला संपला?" कुणीतरी विचारलं.

"संपला म्हनतान!"

"सुरू कवा झाला?"

आणि सगळे वळले! सहाच्या सहा रस्त्यांवरची माणसं शिस्तीत बाहेर जायच्या वाटेकडे निघाली. मी ओरडलो, "थांबा! संपला नाही!" वाऱ्यानं त्यातला 'नाही' खाल्ला.

दहा मिनिटांत साडेचार एकरांत मी, गुप्ते, कर्णा आणि एक गाय उरलो. आणि नेमकी तेव्हाच त्या हत्तींच्या दारातून मामलेदारसाहेबांची जीप आत आली.

साहेब उतरले. मी हार घातला. गुप्त्यांनी टाळ्या वाजवल्या. दोन हातांच्या टाळ्या इतक्या एकाकी वाजू शकतात, हे मला ठाऊक नव्हतं.

"लोक कुठे आहेत?" साहेबांनी विचारलं.

"पुढे आहेत, साहेब," मी म्हणालो. खोटं नव्हतं ते.

आम्ही चालू लागलो. बांध चढलो, उतरलो, पुन्हा चढलो. मुलींची खोली, माझी नोकरी आणि पनवेलमधलं माझं तोंड, तिन्ही एकाच दुपारी जाणार हे मला दिसत होतं. मनातल्या मनात मी बदलीचा अर्ज लिहायला घेतला.

आणि मग आवाज आला. हसण्याचा! ढोलकीचा! तेलात काहीतरी चर्र झाल्याचा!

सात फुटांच्या त्या वाटेत अख्खं पनवेल अडकलं होतं. वाटेच्या तोंडाशीच हौसा कोळीण चूल मांडून बोंबील तळत बसली होती. तिला मी चौतीस नंबरची जागा दिली होती, पार वायव्येच्या कोपऱ्यात.

"हौसा, तू इथं कशी?"

"तुमच्या चौतिसात कावला पन नाय आला, मास्तर! मानसा घरी जातान ती हितूनच जातान ना? मंग मी हितंच बसलू."

बोंबिलाच्या वासानं पुढचे थांबले, म्हणून मागचे तुंबले. तुंबलेल्यांना फुगेवाल्यानं गाठलं. दमयंतीनं सख्यांकडून शेगडी, परात आणि बेसन उचलून आणवलं होतं आणि कुडाला टेकून तिसरा घाणा चालू होता. जादूगाराला पाठीमागे कूड मिळाला होता. कोंबडी गायब झाली ती झालीच! बुधाजीनं पाळणा तसाच दहा जणांच्या खांद्यांवर उचलून वाटेच्या तोंडाशी आणून रोवला होता. वर गेलेली माणसं खालच्यांना नावानं हाका मारत होती आणि खालचे बोंबील उंच धरून दाखवत होते. कोपरं बरगडीत, पाय पायावर, पाक पदरावर. आणि प्रत्येक जण दुसऱ्याला सांगत होता, "काय गर्दी आहे हो यंदा!"

साहेब आत शिरले आणि बुडाले. टोपी एकीकडे गेली, साहेब दुसरीकडे. अर्ध्या तासानं ते आणि मागोमाग आम्ही पलीकडच्या तोंडाला बाहेर आलो तेव्हा त्यांच्या कोटावर चटणी, एका हातात फुगा आणि दुसऱ्या हातात कुणाचं तरी मूल होतं.

मी डोळे मिटले.

"मास्तर," साहेब म्हणाले, "मांडणी कुणाची?"

"म्हणजे... तशी..."

"कमाल केलीत! आधी ते वैराण मैदान. माणूस अगदी कासावीस होतो. आणि मग एकदम हे! मी दोनदा बाहेर पडायला गेलो, दोनदा पुन्हा आत आलो. खोलीचं काम अडलं तर मला येऊन भेटा. आणि या मांडणीचा नकाशा कचेरीत पाठवा, फायलीला लावतो."

गुप्त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दमयंतीनं झाऱ्या हातातच धरून पाहिलं. बळीराम पाटील मात्र आपल्या वालांकडे पाहत होते. एक रोपही तुडवलं गेलं नव्हतं. कुडाला टेकून पाठ खाजवण्यापलीकडे कुणी काही केलं नव्हतं.

"पाठवतो, साहेब," मी म्हणालो.

त्या वर्षी खोली झाली. मुली आत बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेप घेऊन त्या वाटेत गेलो. हौसा चुलीचे दगड उचलत होती.

"काय मोजताव, मास्तर?"

"नकाशा काढतोय. कालच्या मेळ्याचा."

"मेला झाल्यावर?"

मी टेपचं दुसरं टोक तिच्या हातात दिलं. तिनं ते धरलं. चूल कुठं, फुगे कुठं, पाळणा कुठं, सगळं तिनंच बोट करून दाखवलं.

नकाशा सुरेख झाला. मामलेदार कचेरीच्या फायलीत तो असेल अजून. खाली माझी सही आहे, ठळक. तिचं नाव घालायचं माझ्या मनात होतं, खरंच होतं. पण काय सांगू, कागदावर जागाच उरली नाही!